बेचाळीस वेळा दिलेला इशारा

‘फवारणीतील विषबाधेबाबत शेतकऱ्यांना व मजुरांना त्यांच्या स्वतःच्या बोलीत रेडिओवरून बेचाळीस वेळा इशारा देण्यात आला होता, तथापि त्यांनी दक्षता घेतली नाही.’ चौकशी समितीच्या अध्यक्षांनी मसुद्यातले हे वाक्य सावकाश वाचून दाखवले. वाक्य निर्दोष होते. मेलेल्या माणसाला निष्काळजी ठरवणारी वाक्ये व्याकरणात कधी चुकत नाहीत.

बेचाळीसपैकी एकवीस इशारे मराठीत होते. कीटकनाशकाची जाहिरात संपली, की ज्या गळ्याने औषधाची थोरवी गायली, तोच गळा ‘तोंडाला फडका बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका’ एवढे एका दमात उरकून पुढच्या गाण्याकडे वळे. उरलेले एकवीस गोरबोलीत, बंजारा तांड्यांसाठी होते. मसुद्याची सगळी मदार त्यांच्यावर होती. कारण डोळे आणि प्राण गमावलेल्यांत तांड्यांवरची माणसे पुष्कळ होती.

तो गळा साकेतचा. कळंबच्या एका कारकुनी घराण्यात तो वाढला. त्या घरात ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटले की पानावरून उठवत. रेडिओच्या नोकरीसाठी तो वऱ्हाडी शिकला, इतरांनी टंकलेखन शिकावे तशी. बारा वर्षांत तो जिल्ह्याचा ‘साकेतभाऊ’ झाला. पानठेल्यावर, एसटीत, वेचणीच्या वावरात, जिनिंगच्या फाटकावर तोच बोले. लोक त्याला पत्रातून नुकत्या जन्मलेल्या पोरींसाठी नावे विचारत आणि तो ती सुचवीही. आज साक्षीला बोलावणे आले, तेव्हा त्याने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आपले कौतुक होणार, याविषयी त्याला शंका नव्हती.

समोरच्या बाकावर बोरी अरब गावाकडच्या एका तांड्यावरचा शंकरसिंग काळा चष्मा लावून बसला होता. त्याला सरकारी खर्चाने नागपूरला डोळ्यांच्या उपचारासाठी पाठवायचे, की ‘स्वतःच्या चुकीने’ असा शेरा मारून घरी, हे याच मसुद्यावर ठरणार होते. साकेत खाकरला, तसा शंकरसिंगने आवाजाच्या रोखाने हात जोडले.

“राम राम, साकेतभाऊ! रोज आयकतो मी तुले.”

“राम राम, राम राम!” साकेत सवयीने म्हणाला.

अध्यक्षांनी गोरबोलीतला इशारा ऐकण्याची इच्छा दर्शवली. “कायले, साहेब? तुमचा टाइम जाईन,” साकेत हसत म्हणाला. पण ध्वनिफीत लावली गेलीच.

‘तांड्यावरच्या माह्या भावांनो, बहिणींनो, हे खास तुमच्यासाठी!’ हा साकेत, आणि मग एका बाईचा आवाज. कापरा, लांबवलेला, हुंदक्यावर अडखळणारा. अर्धा बोललेला, अर्धा गायलेला. समितीच्या पाचही विद्वानांनी माना खाली घातल्या. ध्वनिफीत संपली, तेव्हा अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“इतक्या कळवळ्यानं सांगूनही ज्यांना जाग आली नाही, त्यांना शासन तरी किती पुरणार?”

शंकरसिंगशेजारची बाई उठली. त्याची बायको, धनीबाई. “साहेब, हा माहाच गळा हाये.”

“तुमचा? म्हणजे इशारा तुम्ही दिलात आणि तुमच्याच घरधन्यानं तो ऐकला नाही?”

“कायचा इशारा, साहेब? हा ढावलो होय. पोरगी सासरी निंघाली, का बापाच्या गळ्यात पडून रडतो आमी, तो. मी त्यात म्हणून राह्यली, बापू, आता तुह्या गोठ्यातली गाय मले वळखन काय?”

एक सदस्य हसू दाबू लागला. त्याला ते नीट दाबता आले नाही. धनीबाईने त्याच्याकडे पाहिले नाही.

“ह्या भाऊले पुसा ना. दोन सालाखाली तीजेच्या सणाच्या कार्यक्रमाले यानंच मले बलावलतं. म्हणे, मावशी, चांगलं रडून दाखव. रडली मी. त्याचा फोटो छापलेला कप देल्ला मले.” मग ती नवऱ्याकडे वळली. “अन् यायनं नाही आयकलं म्हणता? बराबर आयकलं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. मोबाइल खिशात होता. मले हाक मारून म्हणे, आयक वं, तुहा ढावलो लागला. आवाज वाढोला, पंप पाठीवर घेतला, अन् गेले वावरात.”

शंकरसिंगने मान हलवली. त्या गाण्याची आठवण त्याला अजून गोड वाटत असावी.

साकेतला सगळे आठवत होते. इशाऱ्याचा मजकूर त्याच्या खणात पडून होता. तो गोरबोलीत करून घ्यायला तांड्यावर जायला हवे होते, आणि त्याच दिवशी उमरखेडला साड्यांच्या दुकानाचे उद्घाटन होते. फीत तोच कापणार होता. जुन्या फितींत हे रडणे सापडले. ऐकायला गंभीर वाटले. कागदावर ‘गोरबोली, एकवीस वेळा’ एवढे लिहिले, की काम फत्ते.

“हे खरं आहे?” अध्यक्षांनी विचारले. त्यांचा आवाज उतरला होता. पण तो त्या माणसांसाठी नव्हे, मसुद्यासाठी.

साकेतने ओठ उघडले. वऱ्हाडी आली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत त्याच्या तोंडून कळंबच्या घरातली शुद्ध, धुतलेली मराठी बाहेर पडली. लघुलेखक नागोराव यांनी ती काना-मात्रेसह उतरवून घेतली:

“आमच्या रेडिओ केंद्रात ती बोली कुणालाच येत नव्हती, साहेब. म्हणून मी धरून चाललो होतो, की ती कुणालाच येत नाही.”