भावजींची पावडर

रिपोर्ट पुन्हा बिघडलेले पाहून डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडल्या. "गोळ्या चुकवताय ना? तुमच्या रक्तातल्या रक्षक पेशीच तुमच्या यकृतावर तुटून पडल्यात. त्यांना आवरायलाच त्या गोळ्या आहेत, बाई!"

तिने एकही गोळी चुकवली नव्हती.

घरी धाकटे दीर प्रतिकारशक्तीच्या पावडरीचा डबा घेऊन बसलेले. ते ती विकतात, त्यामुळे वैद्यकातलं त्यांना सगळंच कळतं.

"नको म्हटलं ना, भावजी! त्या पेशींना आणखी जोर चढला तर उरलंसुरलं यकृतही खातील."

"डॉक्टरांची पोपटपंची आम्हाला नका ऐकवू, वहिनी," दीर तुच्छतेने हसले. "तुम्ही नको म्हणालात म्हणून आई थांबली का? महिनाभर रोज तुमच्या दुधात ढवळून देतेय. कळलं तरी का तुम्हाला?"