एकशे नव्व्याण्णव दिवस

मालनताई डावा हात ॲप्रनच्या खिशात खुपसून एकाच हातानं प्रेस मशीनवर पत्रे सरकवत होत्या. खिसा लाल झालेला पाहून मी धावले.

"हात दाखवा, मालनताई."

"काही नाही मॅडम, मेंदी लागलीय." शेजारच्या बायका हसल्या, पण जरा घाईनंच.

मी हात ओढून बाहेर काढला. करंगळीचं टोक चिरडलं होतं. माझ्या खिशात बाळाचं लाळेरं होतं, तेच बोटाभोवती गुंडाळलं आणि गाडी मागवायला फोन काढला. तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"आज नको हो! उद्या दोनशे दिवस भरतायत. माझ्या एकटीपायी साठ जणींचे कुकर जातील."

दोनशे दिवस एकही अपघात झाला नाही, तर प्रत्येकीला कुकर. सेफ्टी ऑफिसर म्हणून ही योजना मीच आणली होती. दारातल्या फळ्यावरचा आकडा रोज सकाळी मीच कौतुकानं वाढवत होते.

"अपघात लिहावाच लागेल," मी कसंबसं म्हणाले.

तशी मागच्या मशीनवरची सुंदराबाई मालनताईंवर कडाडली, "एक दिवस कळ काढवेना होय गं तुला? शेवंतानं दोन महिने काढली की!"

सगळ्या जणींनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं. मी तिथल्या शेवंताकडे वळले.

तिनं मान खाली घातली आणि सावकाश उजवा हातमोजा काढला. मोज्याच्या दोन बोटांत कापूस भरलेला होता.