बांधलेला वेग

अपेक्षानं शेवटचं बटण दाबलं आणि लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागला. समोर स्टुलावर बसलेले शिवलिंगप्पा दचकले.

"घाबरू नका काका. आता पळायला लागलाय तो," ती हसून म्हणाली.

नवी पेठेतल्या तिच्या दुकानात गेम खेळणारी पोरं याच कामासाठी यायची. फोन असो की लॅपटॉप, काम वाढलं की त्याचा प्रोसेसर आपोआप वेग वाढवतो आणि तापला की आपोआप कमी करतो. हे कमी करणं अपेक्षाला पटत नसे. कंपन्या उगाच भितात, असं तिचं मत होतं. ती तापमानाची हद्द वर सरकवायची आणि मशीनला न थांबता पळवायची. सात वर्षांत तिच्या हातून एकही मशीन जळलं नव्हतं.

शिवलिंगप्पा शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. लॅपटॉप त्यांच्या बायकोचा, गौरम्माचा. ती घरी बसून कारखान्यांना चादरींची नक्षी काढून द्यायची.

"मोठी नक्षी उघडली की पार गोगलगाय होतंय ह्ये," ते आल्या आल्या म्हणाले होते. "कारखानदार म्हंतोय, सोमवारपतुर धा डिझाइनी द्या, न्हायतर दुसरीकडं जातो. तिचा सगळा जीव ह्याच कामात हाय, ताई."

मशीन उघडून पाहिल्यावर अपेक्षाला नवल वाटलं. त्यात काहीच बिघाड नव्हता. कुणीतरी त्याचा वेगच बांधून ठेवला होता. आपोआप वाढणारा वेग बंद. उरलेला निम्म्यावर आणलेला. आणि जरा कोमट झालं की तोही आणखी कमी. एकेक आकडा सावकाश, विचार करून बसवल्यासारखा. त्या सगळ्या मांडणीला नावही दिलं होतं, 'अव्वा', म्हणजे कानडीत आई. आईच्या मशीनला आईचं नाव, एवढंच तिला वाटलं.

"हे कुणी केलं काका?"

"आमच्या पोरानं, अमृतनं कायतरी केलतं. पुण्याला नोकरीवर जायच्या आदी."

"अर्धवट माहितीनं असं होतं बघा."

'अव्वा' कायमचं पुसायचं का, असं मशीननं विचारलं. अपेक्षानं 'हो' दाबलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवलिंगप्पांचा फोन आला. ऊन इतकं कडक होतं की पेठेतले निम्मे दुकानदार जेवून आडवे झाले होते.

"ताई, लई झ्याक काम केलंसा! आठ डिझाइनी झाल्या की. काल सकाळपासनं हिनं खुर्ची सोडली न्हाय. रातच्याला बी खुर्चीतच डुलकी काढली. आज जरा अंग तापलंय, तरी मांडीवरनं लॅपटॉप खाली ठेवायला तयार न्हाय."

"मांडीवर?" अपेक्षानं विचारलं. "काका, चटके बसतील त्यांना."

"चटके? ती काय चूल हाय व्हय? कधी तापतच न्हाय ते. आन् ही तर एकदा बी हाय म्हटली न्हाय."

फोन बंद झाला. आदल्या दिवशी अपेक्षानं एका पोराचा लॅपटॉप असाच वेग वाढवून तासभर चालवला होता. नंतर तो फडक्यात धरून उचलावा लागला होता. मांडीवर माणूस तो पाच मिनिटंसुद्धा ठेवू शकला नसता. आणि ही बाई काल सकाळपासून घेऊन बसली आहे. एकदाही हाय म्हटली नाही.

तिनं परत फोन लावला. कुणी उचलला नाही. तिनं शटर खाली ओढलं, स्कूटर काढली आणि पावतीवरच्या त्यांच्या पत्त्यावर, शेळगीचा रस्ता धरला. हॅण्डल इतकं तापलं होतं की हात टेकवेना.

घराचं दार उघडंच होतं. पंख्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. शिवलिंगप्पांनी "या, या ताई" म्हणत तिला आत घेतलं आणि ते पाणी आणायला वळले. गौरम्मा खिडकीपाशी पाठमोरी बसली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर नक्षीतला एक मोर पिसारा उघडत होता.

"तूच व्हय ग ती? ये, बग की, कसा सरसर येतोय," ती म्हणाली. तिचा आवाज तापानं जड झाला होता, पण त्यात आनंद मावत नव्हता.

अपेक्षा वळसा घालून समोर गेली. खुर्चीला चाकं होती. गौरम्माची पावलं खालच्या फळीवर ठेवल्यासारखी ठेवलेली होती.

अपेक्षानं लॅपटॉपखाली बोटं सरकवली आणि झटक्यात मागे घेतली.

"मावशी, केवढं तापलंय हे! तुम्हाला कळत नाही?"

"मला कसं कळंल? पाच वर्सं झाली गच्चीवरनं पडल्याला. कमरेखाली कुणी सुई टोचली तरी पत्ता न्हाय." गौरम्माची नजर मोरावरच होती. "आन् ह्ये कुटं तापतंय? नवं होतं तवा तापायचं म्हनं. आमच्या अमृतनं कायतरी करून ठिवलं, तवापासनं कदीच तापलं न्हाय."

अपेक्षानं ओढणी हाताला गुंडाळली आणि लॅपटॉप उचलला. खाली, दोन्ही मांड्यांवर, फिकट लुगडं ओलं होऊन कातडीला चिकटलं होतं. ओल पिवळसर होती, आणि कडेला काळपट. शिवलिंगप्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले.

गौरम्मानं खाली पाहिलंच नाही. ती अपेक्षाच्या हातातल्या लॅपटॉपकडे काळजीनं बघत होती.

"का ग उचललंस?" तिनं विचारलं. "बिगडलं का काय त्ये?"