उसना आवाज

पडद्यावर जुन्या ब्रिटिश सिनेमातली बाई बंद दारावर मुठी आपटत होती. नवऱ्यानं तिला वेडी ठरवून कोंडलं होतं. काचेच्या खोलीत माइकपुढे उभी राहून मी तिला मराठीत आवाज देत होते.

“दार उघडा! मी वेडी नाही!”

“खोटं वाटतंय गं. पुन्हा घे,” काचेपलीकडून माझा नवरा म्हणाला. डबिंग तोच करून घेतो.

आज त्याच्या शेजारी निर्माते होते. मी हातातला कागद खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत बोलले, “हा मला घरात कोंडून ठेवतो. किल्ली ह्याच्या खिशात असते. मला सोडवा हो!”

निर्मात्यांनी डोळे पुसले. “वहिनी, काटा आला अंगावर!”

नवऱ्यानं खिशातली किल्ली चाचपली. “टेक ओके. चल, घरी जाऊ.”