थेट लाईन

रघुनंदननं टेलिफोन बोर्डाचं झाकण काढलं आणि सरळ फरशीवरच बैठक मारली. उकिडवं बसायचे दिवस केव्हाच गेले होते. आतून जळका वास येत होता.

"गेलाय का?" मागून पद्मावती अक्कांनी विचारलं.

"पॉवर सप्लाय उडालाय. त्याच्याबरोबर सगळं गप्प."

पंपाचे वॉशर बनवणाऱ्या बंगळुरूच्या त्या जे. पी. नगरमधल्या कारखान्यात कालपासून एकही फोन वाजला नव्हता. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी अक्कांच्या टेबलावर यायचा, मग त्या तो गोदामाला नाहीतर मालकांना जोडून द्यायच्या. मालक त्रिविक्रमराव, सगळ्यांचे अण्णा, वरच्याच मजल्यावर राहायचे. तिथला फोनही याच बोर्डावर. मोबाईल त्यांच्या कानाला कधी मानवला नाही.

"सणाचा दिवस आहे हो," अक्का म्हणाल्या. "उद्या केलंत तरी चालेल. घरी जाऊन गोडाचं जेवा."

"अण्णांनी वॉचमनला पाठवून बोलावलंय. नाही कसं म्हणू?"

संक्रांतीची सुट्टी होती, मशीनं बंद होती. तरी अक्का आल्या होत्या. ही बाई रजा घेत नसे, अंगात ताप असला तरी येऊन बसे. अशी माणसं आता कुठे मिळतात, असं रघुनंदनला दर खेपेला वाटायचं.

केबिनच्या दारात अण्णा आले. त्रिविक्रमरावांना हल्ली भिंतीला हात लावून चालावं लागे. हातात एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तीळगुळाची, पुडी होती.

"घे, रघु. गोड बोल. आणि फोन स्वल्प लवकर चालू कर."

"सुट्टीच्या दिवशी कोण ऑर्डर देतंय, अण्णा?"

"ऑर्डर गेली खड्ड्यात. सुखदाची वाट बघतोय." अण्णा स्टुलावर टेकले. "कारखाना विका आणि माझ्याकडे पुण्याला या, म्हणाली. मी नको ते बोललो. तेव्हापासून लेकीचा अबोला. पद्मावतीला नंबर लावायला सांगतो, तर तिकडे कुणी उचलत नाही. निदान संक्रांतीला तरी करेल, असं दर वर्षी वाटतं."

ते उठून केबिनमध्ये गेले. दार उघडंच ठेवलं.

"दर वर्षी विचारतात," अक्का हळूच म्हणाल्या. "नाही आला, असं सांगताना माझ्याच जिवावर येतं."

रघुनंदननं मान हलवली. त्यालाही कंटाळा आला होता, मेलेल्या यंत्रांचा आणि थकलेल्या माणसांचा.

"हा सप्लाय आता बनत नाही," तो म्हणाला. "एस. पी. रोडवर जुन्या मालात शोधावा लागेल. तोवर बोर्ड वगळून बाहेरची लाईन थेट एका फोनला जोडून देतो."

"सरी, तसं करा. मग माझ्या टेबलावर द्या."

"तुमचं यंत्र बोर्डाच्या विजेवर चालतं, अक्का. नुसत्या लाईनवर चालेल असा साधा फोन एकच आहे, अण्णांच्या केबिनमधला."

"त्यांना कशाला त्रास? राहू दे मग."

"कसला त्रास? लेकीचाच आला तर?"

"राहू दे म्हटलं ना, रघु."

अक्कांचा आवाज बदलला होता. रघुनंदनला तो ओळखीचा वाटला. यंत्राबरोबर आपलंही काम जातं, ही भीती त्यानं स्वतः चाखली होती. एकेक कंपनी मोबाईलवर गेली तसे त्याचेही बोर्ड कमी होत गेले होते.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," तो समजुतीनं म्हणाला. "सप्लाय मिळाला की फोन पुन्हा तुमच्याच टेबलावर."

त्यानं दोन तारा पिळून एकत्र केल्या, वर टेप गुंडाळली. सामान पिशवीत भरायला घेतलं, तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला.

अण्णांनी तो धडपडत उचलला. "हॅलो? कोण?" मग अगदी बारीक आवाजात, "सुखदा?"

रघुनंदनचा दिवस सार्थकी लागला होता. तो हसून अक्कांकडे वळला. अक्का टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

"काल रात्रीपासून लावतेयस?" आत अण्णा म्हणत होते. "दर संक्रांतीला? थांब, पोरी, रडू नको. मी तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतो, असं इथून तुला कोण सांगत होतं?"