छापील भाऊ

सतराव्या प्रश्नाला योगिनी अडली तेव्हा घड्याळात साडेपाच मिनिटं उरली होती.

ती बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली उभी होती. अख्ख्या पाड्यात मोबाईलला रेंज फक्त तिथेच यायची. वाशिंदच्या एका कंपनीत ऑफिस असिस्टंटची एकच जागा, वीस प्रश्न, पास व्हायला सोळा बरोबर, आणि परीक्षा एकदाच देता येणार. बांधाच्या अलीकडे तिचा बाप धोंडी गवत कापत होता. पलीकडे तिचा मोठा काका कमळू गवत कापत होता. कापण्याजोगं गवत दोन्हीकडे नव्हतं. बांध वीतभर सरकल्यापासून, म्हणजे सात वर्षं, दोघे भाऊ बोलत नव्हते. पण एक शेतात आला की दुसऱ्याला यावंच लागे.

“धिस लँड बिलाँग्ज टू माय ब्रदर अँड...” योगिनीने हळूच वाचलं.

दोन्ही विळे थांबले. कोर्टाच्या तारखा करून करून दोघांना इंग्रजीतले तीन शब्द पक्के झाले होते : लँड, ब्रदर आणि नेक्स्ट डेट.

“काय गो इचारतात?” धोंडी म्हणाला.

“काय नाय बाबा. ‘ही जमीन माझ्या भावाची आणि’, पुढं रिकामी जागा. ‘आय’ टाकायचं का इंग्रजीतलं ‘मी’, एवढंच. दोन्ही म्हंजे बोलणारा मानूस.”

“कोन बोलतंय पन? मोठा का धाकटा?”

“ते दिलेलं नाय.”

“मोठा-धाकटा लिवत नायत, आनि जमिनीचं इचारतात.”

कमळू बांधावर चढला. भावाकडे न बघता योगिनीला म्हणाला, “तुझ्या बापाला इचार, कंपनीत जाऊन हा मजकूर कोनी घातला?”

धोंडीही चढला. “तुझ्या काकाला सांग, मला कंपनीचा रस्ता पन ठाव नाय.”

योगिनीने कुणालाच काही सांगितलं नाही. चार मिनिटं उरली होती.

“ह्यातला भाऊ खोडता येतो काय?” कमळूने विचारलं.

“नाय. भाऊ छापील हाय. रिकामी जागा तेवढी भरायची.”

कमळूचा चेहरा उजळला. “मंग ऱ्हाऊ दे तशीच. भाऊ म्हंजे मी. मी छापील, त्याची जागा रिकामी. झाला निकाल!”

धोंडीने विचार केला. विळा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, “त्याला सांग, आता तेच वाक्य तू वाच म्हनावं.”

कमळूने मनातल्या मनात वाचलं. ओठ हलले. आपण वाचलं की भाऊ म्हणजे धोंडी, तो छापील, आणि रिकामी जागा आपली. त्याने जरा थांबून पुन्हा वाचलं. निकाल तोच.

“पेपर काढणारा हुशार हाय,” तो पडल्या आवाजात म्हणाला.

“भर गो लवकर!” दोघे एकदम ओरडले. “रिकामी ठेवू नको!”

योगिनीने ‘मी’ दाबलं. उरलेले तीन प्रश्न दीड मिनिटात उडवले आणि ‘सबमिट’ केलं. स्क्रीनवर गोल फिरू लागलं. रेंजचा एक दांडा होता, तोही गेला. तिने हात उंच केला. दांडा आला. हात खाली आणला. गेला.

“आजून वर जाया पायजे,” ती म्हणाली.

ऐनाच्या फांद्या दोघा भावांनी राबासाठी, म्हणजे पेरणीआधी भाताची जमीन भाजायला, आपापल्या बाजूने छाटून नेल्या होत्या. चढायला नुसता खांब उरला होता. मिनिटभरही उरलं नव्हतं.

दोघे खाली बसले. तिने एक पाय बापाच्या खांद्यावर ठेवला, एक काकाच्या. ऐनाचं खोड धरलं. दोघे सावकाश उभे राहिले, अगदी चिकटून, कारण नाहीतर ती मधून पडली असती.

“काका, बाबांकडं कलतंय.”

“तुझ्या बापाला सांग, टाचा उचल.”

“तुमीच सांगा. माझं लक्ष मोबाईलात हाय.”

वर गोल फिरत होतं. खाली धोंडीच्या मानेवर एक मुंगळा चढला आणि कमळूच्या मानेवर गेला.

“धोंड्या,” कमळू म्हणाला. त्याने खाकरून पुन्हा म्हटलं, “धोंड्या, टाचा उचल.”

“उचलल्यात. तू गुडघं वाकव.”

“वाकवलं की लई दुखतात.”

“कवापासून?”

“झाली चार वर्सं.”

धोंडीने आपला खांदा जरा वर घेतला. मग म्हणाला, “डाक्टरला दाखवायचं व्हतं.”

“दाखवलं. वजन उचलू नका म्हनाला.”

वर स्क्रीन हिरवी झाली. वीसपैकी अठरा. पास. सोमवारी दहा वाजता कागदपत्रं घेऊन या. योगिनीने ते दोनदा वाचलं आणि मोबाईल छातीशी धरला.

“गेलं काय गो?” खालून दोघांनी विचारलं.

“फिरतंय आजून,” ती म्हणाली. “बोला तुमी.”