वाकडी विहीर

विहिरीचं तोंड वाकडं होतं. आइस्क्रीमच्या काड्यांची विहीर ती. कठड्याच्या दोन काड्या वर-खाली, रहाटापाशी फेविकॉलचा वाळलेला ओघळ. मलकापुरातल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये पालक-मुलांची हस्तकला स्पर्धा भरली होती. परीक्षक मॅडम विहिरीपुढे उभ्या राहिल्या आणि अगदी विरघळल्याच.

"याला म्हणतात घरी बसून केलेलं काम! बापलेकांनी मिळून!"

विहिरीमागे डॉक्टरसाहेब आपल्या हरिओमच्या खांद्यावर हात ठेवून उभे. "रविवारी दोन तास मॅडम, फक्त त्याच्यासाठी. मोबाइल बंद." हरिओम आपल्या बुटांकडे बघत होता. पोरगं बिचारं बापापेक्षा प्रामाणिक.

शेजारच्या टेबलामागे प्रेमानंद पेंटर आणि त्याची नववीतली लेक सुचिता उभी होती. ती विहीर या दोघांनी केली होती. डॉक्टरांची ऑर्डर. नीट करणं काही अवघड नव्हतं हो, वाकडं करायलाच दोन दिवस गेले. "पोरानं केल्यासारखं दिसलं पाहिजे," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि प्रेमानंदचा हात काही केल्या वाकडा चालेना. शेवटी सुचितानं डोळे मिटून काड्या चिकटवल्या. एवढं करून हा भला माणूस विहिरीच्या बुडाला सवयीनं बारीक अक्षरात 'प्रेमानंद' लिहून मोकळा! सकाळी सुचिताचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. तिनं ते नाव पॉलिश पेपरनं खरडून काढलं.

सवय जाणार तरी कशी? एके काळी बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर उजव्या कोपऱ्यात हेच नाव असायचं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या उतरल्या.

त्यांच्या स्वतःच्या टेबलावर होती रोहिणखेडची जुनी मशीद. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांची. आठ रविवार लागले होते तिला. दोनदा एसटीनं जाऊन बाप-लेक तिच्यासमोर तास तास बसून आले होते. कमानी सुचितानं कापल्या, दगडाचा रंग त्यानं चढवला, आणि पायथ्याला दोघांची नावं टाकली. पहिल्या नंबरची वस्तू बुलढाण्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होती, पालकाच्या आणि मुलाच्या नावाच्या कार्डासकट. प्रेमानंदला तेवढंच हवं होतं. किती वर्षांनी त्याचं नाव चारचौघांत लागलं असतं, आणि तेही लेकीच्या नावाला खेटून.

मॅडम मशिदीपाशी आल्या. वाकल्या. कमानीवरून बोट फिरवलं.

"विकत कुठून आणलं?"

"विकत नाही मॅडम. आम्ही केलंय, मी आणि बाबांनी." सुचिता शाळेतलं मराठी जपून बोलली.

"बाळा, वीस वर्षं झाली मी शिकवतेय. हाताचं काम मला कळतं. यात एक चूक दाखव मला."

चूक नव्हती. काय दाखवणार?

"नाव हाये ना मॅडम खाली," प्रेमानंद म्हणाला. "आमचंच हाये."

"नाव काय हो, कोणीही टाकतं." मॅडमनी यादीवर बारीकशी फुली मारली.

सुचिताचे कान लाल झाले. "मॅडम, मंग ते विहीर..."

बापाचा हात तिच्या खांद्यावर पडला. "सुचे, राहू दे."

"काऊन राहू दे? सांगा ना तुमी!"

डॉक्टर एकदम छताचा पंखा न्याहाळायला लागले. प्रेमानंद सांगणार तरी काय? की ही लबाडी आम्हीच करून दिली, आणि काल अजून दोघा पालकांनी पोरांच्या पुढच्या प्रकल्पांची ऑर्डर दिली आहे? आणि पुरावा कुठाय? तो तर सकाळीच खरडून झाला होता. त्याला डॉक्टरांचा राग आला नाही. स्वतःच्या हाताचा आला, मेल्याला धड चुकताही येत नाही म्हणून.

निकाल लागला. विहीर पहिली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग मॅडम एक कोरं कार्ड घेऊन घाईघाईनं प्रेमानंदच्याच टेबलाशी आल्या.

"फॉर्मवर तुम्ही पेंटर लिहिलंय ना हो? बरं झालं बाई. बुलढाण्याचं हे कार्ड तेवढं लिहून द्या. आमच्या सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

सुचिता बापाकडे बघत राहिली. आता तरी नाही म्हणेल, असं तिला वाटलं. पण कुणी कार्ड पुढे धरलं आणि प्रेमानंदनं ब्रश काढला नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. मशिदीला शेवटचा हात द्यायला आणलेला ब्रश पिशवीत होताच. त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं, मशीद जरा बाजूला सरकवली आणि पट्टी न लावता लिहिलं: डॉ. अविनाश व चि. हरिओम.

"अगंबाई!" मॅडमना राहवेना. "छापल्यासारखं आहे हो! हातानं लिहिलंय असं वाटतच नाही!"

डॉक्टरांनी मोबाइलवर कार्डाचा फोटो काढला.

प्रेमानंदनं शेवटचं टिंब दिलं. ब्रश आपसूक खाली उजव्या कोपऱ्याकडे सरकला. टेकणार, तेवढ्यात सुचितानं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "मले पुन्हा खरडा लागन."